हातात धरता येणारं बिटकॉइन: होलोग्रामचं नाणं, पोलादी कार्ड आणि चिपवाली दोन साधनं

ऑनलाइन बाजारात दोन-पाचशे रुपयांना मिळणारं सोनेरी ‘बिटकॉइन’ आधी बाजूला ठेवू. त्याच्या आत प्रायव्हेट की (बिटकॉइन खर्च करण्याची गुप्त चावी) नसते, त्याला कुठला ॲड्रेस (खातेक्रमांकासारखा पत्ता) नसतो आणि ब्लॉकचेनशी, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीशी, त्याचा काडीचाही संबंध नसतो. बऱ्याच नाण्यांवर ‘.९९९ फाइन कॉपर’ असं कोरलेलं असतं. चुंबक लावून पाहा. चिकटलं तर ते तांबं नाही. टेबलावर शोभेला ठीक, पुढे काही नाही. इथे परीक्षण आहे ते आत खरी की असलेल्या वस्तूंचं.

या वस्तूंमध्येही ‘बिटकॉइन’ नसतंच. ते ब्लॉकचेनवर एका ॲड्रेसपाशी असतं आणि नाण्यात, कार्डात किंवा चिपमध्ये असते ती ते खर्च करण्याची की. म्हणून धातू कुठला, वजन किती, कोरीवकाम किती सुबक याआधी एकच गोष्ट विचारायची: ही की तयार होताना कुणी पाहिली, आणि तयार झाल्यापासून आजपर्यंत कोण पाहू शकलं असतं? संग्राहकाला या प्रश्नाकडे थोडं दुर्लक्ष करता येतं. स्वतःची जमा स्वतःच्या ताब्यात ठेवू पाहणाऱ्याला मुळीच करता येत नाही.

कॅसेशियस नाणी

या प्रकाराची सुरुवात म्हणजे माइक कॅल्डवेल यांची कॅसेशियस नाणी. अमेरिकेत युटा राज्यातल्या सँडी गावातून २०११ मध्ये ती विकली जाऊ लागली. १ बीटीसीचं (म्हणजे १ बिटकॉइनचं) पितळी नाणं सगळ्यांत ओळखीचं. वरच्या टोकाला १००० बीटीसीचं सोन्याचं नाणं आणि मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. त्यांवरचं ‘व्हिरेस इन न्यूमेरिस’ हे लॅटिन ब्रीदवाक्य पुढे सगळ्या नकली नाण्यांनी उचललं, त्यामुळे ते दिसलं म्हणजे नाणं खरं असं धरू नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या, आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या फिनसेन या विभागाने कळवलं की बिटकॉइन भरलेली नाणी विकणं हा पैसे हस्तांतराचा व्यवसाय ठरतो. त्याच महिन्यात कॅल्डवेल यांनी भरलेल्या नाण्यांची विक्री थांबवली. म्हणजे आज मिळणारं प्रत्येक नाणं किमान दशकभर जुनं आणि बहुधा अनेक हातांतून फिरलेलं असतं.

रचना साधी आहे. नाण्याच्या मागच्या बाजूला गोल खळगा, त्यात कागदाची चकती, चकतीवर बारीक अक्षरांत प्रायव्हेट की, आणि वरून होलोग्राम स्टिकर. स्टिकरला छोटी खिडकी असते, तिच्यातून ॲड्रेसची पहिली आठ अक्षरं दिसतात. स्टिकर सोलला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते आणि ती पुन्हा बसवता येत नाही.

विकत घेताना पहिलं काम या आठ अक्षरांचं. कॅल्डवेल यांनी सर्व नाण्यांच्या ॲड्रेसची यादी प्रसिद्ध केली होती. खिडकीतली अक्षरं त्या यादीशी जुळवायची, पूर्ण ॲड्रेस मिळवायचा आणि ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) टाकून शिल्लक बघायची. शिल्लक शून्य आणि होलोग्राम मात्र शाबूत असेल, तर की कुणीतरी आधीच पाहिलेली आहे, तिथेच थांबा. मग दहापट भिंगाखाली स्टिकरची कडा संपूर्ण गोल फिरवून बघायची. कडेला सुरकुती, डिंकाचा ओघळ, सुईच्या टोचणीसारखं छिद्र किंवा जाळीचा एखादा जरी कण दिसला तरी नाणं परत करा. २०११ च्या पहिल्या तुकडीत होलोग्रामवर नावाच्या स्पेलिंगमधला एक ‘एस’ गळलेला आहे. ती खरी छपाईची चूक आहे आणि त्यामुळे ती नाणी जास्त मागितली जातात. नाणं ग्रेडिंग कंपनीच्या (नाण्याची अस्सलता आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या) सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटोशी ताडून घ्या. डब्याही नकली निघतात.

आता या नाण्यांचा खरा दोष. होलोग्राम म्हणजे कुलूप नव्हे. २०१३ मध्येच डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवून झालं की इंजेक्शनच्या सुईने स्टिकरखाली विशिष्ट द्रावक सोडला तर डिंक सैल पडतो, स्टिकर जाळी न उमटता उचलला जातो आणि पुन्हा बसतो. म्हणजे आज ॲड्रेसवर शिल्लक आहे यावरून एवढंच कळतं की अजून कुणी ती हलवलेली नाही. की कुणाकडे नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय की मुळात कॅल्डवेल यांनी तयार केली. आपल्याकडची प्रत नष्ट केल्याचं ते सांगत. बाहेरच्याला ते तपासायची सोय तेव्हा नव्हती, आताही नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल या क्षेत्रात चांगलं मत आहे आणि ते त्यांनी कमावलेलं आहे, पण ‘माझी की फक्त माझ्याकडे’ ही अट या नाण्यात बसत नाही.

त्यामुळे निकाल स्पष्ट देतो. संग्राह्य वस्तू म्हणून कॅसेशियस या प्रकारातली सर्वोत्तम, इतिहासासकट. आतल्या बिटकॉइनसाठी घेत असाल तर नाणं हातात पडल्या दिवशी सोला आणि रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये (तुमच्या की सांभाळणाऱ्या ॲपमध्ये किंवा उपकरणात) हलवा. दोन्ही हेतू एकाच नाण्यात साधत नाहीत, कारण सोललेल्या नाण्याची संग्राहकी किंमत बरीच उतरते.

सोलून रक्कम काढायची रीत

घाईत सोलू नका. आधी रक्कम जिथे न्यायची ते वॉलेट तयार हवं: सीड फ्रेज (वॉलेट परत उभं करून देणारी शब्दांची यादी) कागदावर लिहिलेली, वॉलेट पुसून त्या फ्रेजवरून एकदा परत उभं केलेलं, छोटी रक्कम येऊन गेलेली. मग इलेक्ट्रम हे वॉलेट अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि फाइलची डिजिटल सही तपासा. नकली इलेक्ट्रमने लोकांचे बिटकॉइन गेलेले आहेत, म्हणून सर्च इंजिनमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

होलोग्राम नखाने कडेपासून सावकाश उचला. ब्लेड वापरू नका, चकतीचा कागद फाटतो आणि एखादं अक्षर जातं. चकतीवर ३० अक्षरांची ‘मिनी प्रायव्हेट की’ असते, पहिल्या तुकडीत २२ अक्षरांची. सुरुवात नेहमी मोठ्या ‘एस’ने. या लिपीत शून्य, मोठा ‘ओ’, मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ ही चार चिन्हं मुद्दाम वगळलेली आहेत. त्यामुळे गोल दिसतं ते लहान ‘ओ’, आणि उभी रेघ दिसते ती एकाचा आकडा किंवा लहान ‘आय’. चुका होतात त्या ‘बी’ आणि आठ, ‘एस’ आणि पाच, ‘झेड’ आणि दोन, ‘यू’ आणि ‘व्ही’ यांत. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचण्याचा मोह टाळा. फोटो आपोआप क्लाउडवर चढतो. भिंग आणि चांगला दिवा पुरतो.

वाचलेली की बरोबर आहे का, हे इंटरनेटशिवाय तपासता येतं आणि या रचनेतला हा फार सुंदर भाग आहे. कीच्या शेवटी प्रश्नचिन्ह जोडायचं आणि त्या संपूर्ण मजकुराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरापासून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा. उत्तराची सुरुवात दोन शून्यांनी झाली तर वाचन बरोबर. चुकलेलं वाचन या चाचणीतून निसटण्याची शक्यता २५६ मध्ये एक. मूळ प्रायव्हेट की म्हणजे त्याच मिनी कीचा, प्रश्नचिन्हाशिवाय काढलेला एसएचए-२५६. हे सगळं नेट बंद असलेल्या संगणकावर करायचं. ‘हॅश काढून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर की टाइप करायची नाही.

इलेक्ट्रममध्ये वॉलेट, मग प्रायव्हेट कीज, मग स्वीप. इलेक्ट्रमला मिनी की थेट समजते. इथे ‘इम्पोर्ट’ करू नका. इम्पोर्टमध्ये रक्कम जुन्याच कीवर राहते, ती की ज्यांनी पाहिली असेल त्यांच्याही हातात, आणि तुमच्या सीड फ्रेजमध्ये तिचा समावेश नसतो. स्वीप म्हणजे सगळी रक्कम एका व्यवहाराने तुमच्या नव्या ॲड्रेसवर.

इथे हमखास एक गोंधळ होतो: की स्वीकारली जाते, पण शिल्लक शून्य दिसते. कारण असं की एकाच कीपासून दोन जुन्या पद्धतीचे ॲड्रेस निघतात, एक पब्लिक कीच्या (प्रायव्हेट कीपासून निघणाऱ्या तिच्या उघड जोडीच्या) लांब रूपावरून आणि एक आखूड रूपावरून. कॅसेशियसचा ॲड्रेस लांब रूपाचा आहे, तर बरीच नवी वॉलेट आखूड रूप गृहीत धरतात. दिसणाऱ्या ॲड्रेसची पहिली आठ अक्षरं खिडकीतल्या अक्षरांशी जुळत नसतील तर हेच झालं आहे. पैसे कुठेही गेलेले नाहीत. की पूर्ण रूपात बदलून घेताना ती पाचाच्या आकड्याने सुरू होणारी हवी. ‘के’ किंवा ‘एल’ने सुरू होणारी की आखूड रूपाची. लांब रूपामुळे व्यवहारही थोडा फुगतो, एक इनपुट आणि एक आउटपुट धरून सुमारे २२० बाइट. फी त्या हिशेबाने धरा.

१ ऑगस्ट २०१७ च्या आधी भरलेल्या आणि त्यानंतर न हललेल्या नाण्यावर तितकंच बिटकॉइन कॅश (त्या दिवशी बिटकॉइनपासून फुटून निघालेलं वेगळं चलन) असतं, आणि नोव्हेंबर २०१८ च्या फाट्यामुळे बिटकॉइन एसव्हीही. ते जरूर काढा, पण क्रम पाळा. आधी बिटकॉइन हलवा, व्यवहार पक्का होऊ द्या, मगच ती की दुसऱ्या नाण्याच्या वॉलेटमध्ये टाका. उलट क्रम केला आणि ते वॉलेट लबाड निघालं तर मोठी रक्कमच हातची जाते.

बॅलेटचं पोलादी कार्ड

कॅल्डवेल यांना आपल्याच नाण्यातला विश्वासाचा प्रश्न ठाऊक होता. त्यावरचा बीआयपी-३८ हा उपायही त्यांच्याच नावावर आहे. यात की पासफ्रेजने, म्हणजे लांबलचक पासवर्डने, बंद केलेली असते. ५८ अक्षरं, सुरुवात सहाचा आकडा आणि मोठ्या ‘पी’ने. त्यातली खरी करामत अशी की नाणं बनवणाऱ्याला पासफ्रेज सांगावीच लागत नाही. तुम्ही तुमच्या संगणकावर पासफ्रेजपासून एक मधला कोड काढून पाठवता, तो त्यावरून बंद की आणि ॲड्रेस बनवतो, आणि ॲड्रेस खरंच तुमच्या पासफ्रेजशी बांधलेला असल्याचा पडताळा देणारा कोड परत देतो. की त्याने बनवली खरी, पण तो ती उघडू शकत नाही. काही कॅसेशियस पट्ट्या अशाच दुहेरी पद्धतीने विकल्या गेल्या होत्या.

बॉबी ली यांच्या बॅलेट कंपनीचं २०१९ पासून मिळणारं कार्ड याच तंत्रावर उभं आहे. बँकेच्या कार्डाच्या मापाचं, पोलादी. वर ॲड्रेसच्या क्यूआरचा स्टिकर, तो सोलला की खाली बंद केलेली की, आणि खरवडायच्या पट्टीखाली पासफ्रेज. भरायला सोपं: वरचा क्यूआर स्कॅन करून रक्कम पाठवायची, बस. ज्यांना सीड फ्रेजची धास्ती वाटते त्यांना हे लगेच जमतं, आणि हीच याची सगळ्यांत जमेची बाजू.

पण इथे पासफ्रेज तुमची नाही. कंपनी सांगते की की आणि पासफ्रेज वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात आणि एकत्र येतात त्या कार्डावरच. एका माणसावर विसंबण्यापेक्षा हे बरं. तरी विसंबायचं आहे ते एकाच कंपनीवर. दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. कार्ड पोलादी असल्याने आगीत टिकेल असं वाटतं, पण बंद की स्टिकरवर छापलेली आहे. कार्ड उरेल, की जळेल.

कंपनीचं ॲप उद्या बंद पडलं तर काय, अशी शंका बरेचजण काढतात. तिथे मात्र निर्धास्त राहा, बीआयपी-३८ खुलं तंत्र आहे. बिटॲड्रेस या की हाताळणाऱ्या साइटचं पान संगणकावर साठवून, नेट तोडून उघडा आणि ‘वॉलेट डिटेल्स’ भागात की आणि पासफ्रेज द्या. पासफ्रेज छापली आहे तशीच, रेघा आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट. उलगडायला काही सेकंद ते मिनिटभर लागतं, ब्राउझर अडकल्यासारखा वाटतो, तो बंद करू नका. अंदाजाने पासफ्रेज शोधणाऱ्याचा वेग मारण्यासाठी ही संथगती मुद्दाम ठेवलेली आहे.

ओपनडाइम आणि सॅट्सकार्ड

टोरांटोच्या कॉइनकाइट कंपनीची ही दोन साधनं दिसायला नाण्यासारखी नाहीत, संग्रहाच्या शोकेसमध्ये ती उठूनही दिसणार नाहीत. पण सुरुवातीच्या प्रश्नाला सर्वांत चांगलं उत्तर त्यांच्याकडेच आहे: की कुणीच पाहिलेली नाही, ती चिपच्या आतच तयार होते.

ओपनडाइम म्हणजे उघड्या सर्किटची छोटी यूएसबी काडी. संगणकात लावली की पेनड्राइव्हसारखी दिसते. तिच्यावर कुठल्याही २५६ केबी किंवा अधिक आकाराच्या फाइली टाकायच्या. त्या फाइलींतली अनियमितता आणि चिपची स्वतःची, दोन्ही मिसळून की बनते आणि ड्राइव्हवर ॲड्रेस उमटतो. इथे इंटरनेटवरचा प्रसिद्ध फोटो न टाकता स्वतः नुकताच काढलेला टाका. पुढे काडी रोखीसारखी हातोहात देता येते. घेणारा ती लावून ॲड्रेस, शिल्लक आणि सील पाहू शकतो. रक्कम काढायची तर सर्किटवर खूण केलेल्या जागी टाचणी दाबून एक बारीक रेझिस्टर तोडायचा. मग प्रायव्हेट कीची फाइल उघडी दिसते. त्या क्षणापासून काडी ज्याच्या हातात, की त्याची. तेव्हा टाचणी दाबण्याआधी स्वीपची तयारी हवी.

दोष? बॅकअप नाही, अजिबात नाही. काडी हरवली, पावसात भिजून सडली, पॅन्टबरोबर वॉशिंग मशीनमधून निघाली, तर सीड फ्रेज वगैरे कुठलाही मागचा दरवाजा नाही.

सॅट्सकार्ड हे त्याचंच कार्डरूप. एनएफसीवर चालतं, मोबाइलच्या पाठीला टेकवायचं. त्यात दहा खण असतात. एक खण उघडून रक्कम काढली की तो कायमचा संपतो आणि पुढच्या खणात नवी की तयार होते. उघडायला कार्डावर छापलेला सहा आकडी कोड लागतो. तीनदा चुकला तर पुढच्या प्रत्येक प्रयत्नाआधी कार्ड १५ सेकंद थांबायला लावतं, म्हणून एकेक आकडा टाकून बघत बसणाऱ्याची डाळ शिजत नाही. रक्कम काढायला ननचक हे वॉलेट ॲप वापरता येतं. कार्ड वाचलं जात नसेल तर मोबाइलचं कव्हर काढा. धातूचं कव्हर किंवा मॅग्नेट असलं की एनएफसी दबतं. कार्ड लगेच उचलू नका, काम होईपर्यंत टेकवूनच ठेवा. लग्नाच्या आहेरात किंवा बारशाला चांदीच्या नाण्याऐवजी द्यायचं असेल तर या चौघांत माझी पसंती यालाच, फक्त कोडाच्या बाजूचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार नाही एवढं बघा.

किती रक्कम ठेवावी? पाकिटात जेवढी रोकड बिनधास्त घेऊन फिराल तेवढी. त्याहून मोठ्या आणि वर्षानुवर्षांच्या जमेसाठी हार्डवेअर वॉलेट (की आत जपणारं वेगळं उपकरण) आणि दोन ठिकाणी ठेवलेली सीड फ्रेज, याला यांपैकी एकही वस्तू पर्याय नाही.

जपणूक, कर आणि वारस

पितळी नाणं काळवंडतं, ते तसंच राहू द्या. शिवराई जमवणाऱ्यांना हे सांगायला नको: नाणं घासलं की त्याची किंमत गेली. इथे धोका दुप्पट आहे. चिंच, लिंबू किंवा पितांबरीचं पाणी होलोग्रामच्या कडेखाली शिरतं, डिंक सुटतो, आणि पुढचा खरेदीदार त्याला सीलशी छेडछाड समजतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणं ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर बसतो. कडक ॲक्रिलिकची डबी, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि कोकण-गोवा-मुंबईच्या पावसाळ्यात ती पुडी बदलत राहणं. कपाटाचा गरम होणारा वरचा खण टाळा. उष्णतेने स्टिकरचा डिंक आधी मरतो.

भारतात भरलेलं नाणं विकलं तर करखात्याच्या लेखी तो आतल्या बिटकॉइनचाही व्यवहार असतो. २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे. खरेदी किंमत सोडून कुठलीही वजावट नाही, तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता होत नाही. घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा असतो; मर्यादा वर्षाला १०,००० रुपये, काही ठरावीक व्यक्तींसाठी ५०,०००. म्हणून खरेदीची पावती आणि त्या दिवसाचा दर जपून ठेवा, धातूची किंमत आणि आतल्या बिटकॉइनची किंमत वेगळी लिहून. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५०,००० च्या वर भेट आली तर तीही घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. लग्नातल्या भेटीला सूट आहे.

शेवटी घरच्यांसाठी एक बंद पाकीट करा. त्यात की लिहायची नाही. वस्तू कुठली, कुठे ठेवली आहे, पूर्ण ॲड्रेस काय, आणि वॉलेट तयार होईपर्यंत स्टिकर सोलू नये, टाचणी दाबू नये, कोड कुणाला सांगू नये, एवढं लिहा. बीआयपी-३८ ची पासफ्रेज तुम्ही स्वतः ठरवलेली असेल तर ती या पाकिटात नको. ती दुसऱ्या जागी ठेवा आणि पाकिटात फक्त त्या जागेचा उल्लेख करा. संग्राहकी नाणं असेल तर ते सोलण्यापेक्षा तसंच विकल्यास जास्त पैसे येऊ शकतात, हेही त्यात ठळक लिहा. वारसांना ते आपोआप कळणार नाही.